गळा चाकाचा, पोट हाताचं

पॉटरीच्या वर्गात चौकशीला येणारा माणूस आधी फी विचारतो आणि लगेच पुढचा प्रश्न टाकतो, "चाकावर कधी बसायला मिळेल?" पुण्यातल्या आमच्या वर्गात हा प्रश्न इतका ठरलेला आहे की बाई हल्ली कुणी विचारायच्या आतच सांगून मोकळ्या होतात, "पहिला महिना-दीड महिना चाकाचं नाव काढायचं नाही." काही जण तिथूनच काढता पाय घेतात. त्यांना तरी काय बोलणार? फोनवरच्या सगळ्या रील्समध्ये चाकच असतं. आमच्या पिढीच्या डोक्यात त्याच्याही आधी 'घोस्ट' शिरला होता, १९९० सालचा. डेमी मूर रात्री चाकावर बसलेली, मागून पॅट्रिक स्वेझी येतो, गाणं सुरू होतं. त्या प्रसंगात भांडं चक्क कोसळतं, हे मात्र फार थोड्यांना आठवतं. पुढे जे काही होतं त्याला पॉटरी म्हणत नाहीत.

मीही चाकासाठीच आले होते. पन्नाशी उलटल्यावर हातांना की-बोर्ड आणि भांडी घासणं याखेरीज काही काम द्यावं, एवढाच विचार होता. आज मला कुणी विचारलं, तर चाकाआधीचे ते आठवडेच मी जास्त जपून ठेवीन. चाकाबद्दल मला आदर आहे. पण चाकाला मिळणाऱ्या कौतुकातलं निम्मं तरी हाताचं आहे, आणि ते त्याला मिळत नाही, असं माझं आता पक्कं मत झालंय.

पहिल्या दिवशी माती हातात आली ती मळायला. नवी कोरी पिशवीतली मातीसुद्धा नाही. आधीच्या मुलांनी मोडलेल्या भांड्यांचे तुकडे, कातरण, चाकाभोवतीच्या थाळीत साचलेला चिखल, हे सगळं एका पिंपात भिजत पडलेलं असतं. तो लगदा प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या जाड लादीवर पसरायचा. प्लॅस्टर पाणी ओढून घेतं आणि तासा-दोन तासांत माती उचलण्याजोगी होते. मग मळायची. वर्गात बायका जास्त आणि कणकेला प्रत्येकीचा हात बसलेला, त्यामुळे आम्ही सगळ्या आत्मविश्वासाने पुढे सरसावलो. बाई ओरडल्या, "दुमडू नका!" कणीक आपण दुमडून दुमडून मळतो. घडीत थोडी हवा राहिली तर बिघडत नाही, पोळी फुगली तर उलट बरंच. मातीच्या प्रत्येक घडीत मात्र हवा कोंडते आणि ती पुढे चाकावर बोटाखाली फोडासारखी लागते. म्हणून माती दुमडायची नाही, लोटायची. एक पाय पुढे, एक मागे, टेबल कमरेइतकं. दोन्ही तळहातांच्या टाचांनी गोळा खाली आणि पुढे दाबायचा, थोडासा आपल्याकडे वळवून उभा करायचा, पुन्हा दाबायचा. जोर खांद्यातून आणि पायातून यायला हवा. मनगटातून आणला तर रात्री मनगट बोलतं. जमलं की गोळ्याच्या दोन्ही बाजूंना वळलेली शिंगं दिसू लागतात आणि मधे मेंढ्याचं तोंड.

मग तारेने गोळा मधोमध कापायचा आणि कापलेला चेहरा उजेडात धरायचा. भोकं दिसली तर दोन अर्धुकं एकमेकांवर आपटून पुन्हा पहिल्यापासून. हे काम कंटाळवाणं आहे, असं मला वाटलं होतं. ते कंटाळवाणं आहेच. पण त्या कंटाळ्यातच कधीतरी बोटांना कळायला लागतं की ही माती ओली आहे, ही बरोबर आहे, ही आता तडकणार. चिकणमातीचे कण डोळ्याला न दिसणाऱ्या चपट्या पापुद्र्यांचे असतात आणि त्यांच्यामध्ये पाण्याचा थर असतो. पापुद्रे एकमेकांवरून सरकतात म्हणून माती वळते आणि वळवलेली तशीच राहते. पुस्तकातला हा परिच्छेद मी मळण्याच्या आधीही वाचला होता. तो खरा वाचला तो नंतर.

एक गैरसमज इथेच दूर करून टाकते, कारण तो प्रत्येक वर्गात नव्याने जन्म घेतो. हवेचा बुडबुडा राहिला तर भांडं भट्टीत फुटतं, असं सगळे सांगतात. फोडतं ते पाणी. पुरती न वाळलेली माती भट्टीत गेली, आतल्या पाण्याची वाफ झाली, की तिला पाण्याच्या साधारण १,६०० पट जागा लागते. ती जागा कुठून मिळणार? भिंतीतून. खडखडीत वाळलेल्या भांड्यात एखादा बुडबुडा राहिला तर ते बहुधा सुखरूप बाहेर येतं. पण घाई करणाऱ्याला 'तू घाई केलीस' असं सांगण्यापेक्षा बुडबुड्यावर खापर फोडणं सोपं, त्यामुळे ही समजूत जाईलसं वाटत नाही.

हाताच्या कामाचे ढोबळ तीन प्रकार. पिंच, कॉइल आणि स्लॅब. पिंच पॉटला काहीही लागत नाही, हा त्याचा मोठेपणा. लिंबाहून थोडा मोठा गोळा डाव्या तळव्यात घ्यायचा, उजवा अंगठा मधोमध रोवायचा आणि तळाला करंगळीइतकी जाडी उरली असं वाटलं की थांबायचं. 'वाटलं' हाच शब्द बरोबर, कारण दिसत काहीच नसतं. मग अंगठा आत, बोटं बाहेर, चिमटा घ्यायचा, गोळा जरासा फिरवायचा, पुन्हा चिमटा. तळापासून वर, गोल गोल. बाईंनी आम्हाला डोळे मिटायला लावले. डोळे उघडे असले की माणूस काठाकडे बघतो, काठ सुबक करायला जातो, काठ पातळ होतो आणि त्याला बारीक चिरा जातात. मिटलेल्या डोळ्यांनी अंगठा आणि मधलं बोट यांच्यामधली जाडी तेवढी कळत राहते. इथे जाड, इथे बरी, इथे आता पुरे. भांडं पुरं होतं तेव्हा ते आपल्या तळव्याच्या खोलगट भागात नेमकं बसतं. शेजारणीची वाटी माझ्या हातात बसत नाही आणि माझी तिच्या. वर्गातल्या सगळ्या वाट्या फळीवर ओळीने मांडल्या तरी कुणाची कुठली हे नाव न वाचता सांगता येतं.

कॉइल म्हणजे मातीच्या वळ्या. टेबलावर बोटं पसरून वळी लांबवत न्यायची आणि एकावर एक रचत भिंत उभी करायची. ऐकायला सोपं. खरी गंमत सांध्यात आहे. जिथे जोडायचं तिथे दोन्हीकडे टोकाने ओरखडे काढायचे, पातळ मातीचा घोळ लावायचा, वळी बसवायची आणि आतून अंगठ्याने खालच्या थरात पुसत न्यायची. सांधा नुसता बाहेरून गुळगुळीत केला तर दिसायला छान दिसतो, आणि आठवड्याभराने वाळताना बरोबर त्याच रेषेवर तडा जातो. दुसरं म्हणजे एका बैठकीत फार उंच जायचं नाही. खालची ओली माती वरचं वजन पेलत नाही, पोट सुटतं. चार वळ्या झाल्या की थांबायचं, काठाला ओलं फडकं लावायचं, प्लॅस्टिकची पिशवी घालायची आणि घरी जायचं. दुसऱ्या दिवशी खालचा भाग घट्ट झालेला असतो, मग पुढच्या चार. पुण्याच्या एप्रिलात हा हिशेब तासांचा असतो, जुलैत दिवसांचा. पावसाळ्यात माती वाळतच नाही आणि उन्हाळ्यात काठ तळाच्या आधी वाळून बसतो. मी इतकी वर्षं हवामानाकडे फक्त छत्री न्यायची की नाही एवढ्यासाठीच पाहत होते.

या वळ्यांच्या कामाला वर्गातली मंडळी 'बेसिक' म्हणतात तेव्हा मला लादी क्वाली आठवते. नायजेरियातल्या क्वाली गावची कुंभारीण. गावातल्या बायका करत तसेच ती हाताने, वळ्या रचून पाण्याचे मोठे घडे करायची आणि त्यांवर सरडे, विंचू, मासे कोरायची. मायकेल कार्ड्यू या इंग्रज कुंभाराने अबुजा इथे प्रशिक्षण केंद्र काढलं होतं. तिथे १९५४ साली ती दाखल झाली, त्या केंद्रातली पहिली बाई. चाक तिथे होतंच, तेही ती शिकली. पण तिचं नाव झालं ते हातच्या घड्यांनी. घडा मधे स्थिर आणि ती त्याच्याभोवती चालत भिंत चढवतेय, असं प्रात्यक्षिक तिने युरोप-अमेरिकेत जाऊन दाखवलं. चाक फिरत नव्हतं, बाई फिरत होती. नायजेरियाच्या २० नायराच्या नोटेवर तिचं चित्र आहे. जगात किती देशांनी आपल्या चलनी नोटेवर कुंभारणीला जागा दिली असेल? आपल्याकडे मणिपूरमधल्या आंद्रो गावातल्या बायकाही चाकाशिवायच भांडी करतात, त्याच मातीभोवती फिरतात.

स्लॅबबद्दल फार सांगत नाही. मातीची पोळी लाटायची, दोन्ही बाजूंना सारख्या जाडीच्या लाकडी पट्ट्या ठेवायच्या म्हणजे लाटणं त्यांच्यावरून जातं आणि जाडी एकसारखी येते. मग कापून, जोडून ताटल्या, चौकोनी डबे, फरशा. एकच गोष्ट चमत्कारिक. लाटलेली पोळी उचलताना एका कोपऱ्याने उचलली, ती वाकली, आपण ती पुन्हा सपाट केली. वाळताना सपाट राहते. भट्टीतून बाहेर येते ती नेमकी त्याच कोपऱ्यात वाकून. मातीला आठवण असते, असं कुंभारकाम करणारे सगळेच म्हणतात. मला ते आधी कवितेतलं वाटलं होतं. पण ते अगदी रोखठोक व्यवहारातलं निघालं.

हात आणि चाक यांच्यात आधी कोण, हा प्रश्नच नाही. हात आधी. पण चाक आल्यावर हात गेला का? याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या इनामगावात आहे. घोड नदीकाठच्या त्या पांढरीत डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षं खोदकाम केलं. हसमुख सांकलिया, मधुकर ढवळीकर यांच्यासारखी माणसं त्यात होती. ख्रिस्तपूर्व १६०० ते ७०० च्या दरम्यान तिथे शेतकऱ्यांची वस्ती होती. त्या लोकांची जोर्वे पद्धतीची भांडी म्हणजे चाकावर काढलेली, लालसर, वर काळ्या रंगात रेघांची नक्षी, एखाद्याला बाजूने निघालेली लांब तोटी. (जोर्वे हे संगमनेरजवळचं गाव, तिथे ती आधी सापडली म्हणून हे नाव.) चांगली भाजलेली, टिचकी मारली तर धातूसारखी वाजणारी. म्हणजे चाकाचं काम त्यांना उत्तम येत होतं. आणि तरीही त्याच घरांत जाडजूड, खरबरीत, हाताने घडवलेली मोठी भांडीही होती. धान्य साठवायला आणि पुरायला.

पुरायला म्हणजे लहान मुलांना. मूल गेलं की दोन घडे आडवे, तोंडाला तोंड लावून घराच्या जमिनीखाली पुरायचे, आत ते मूल. इनामगावात अशी पुष्कळ दफनं मिळाली. ती हाताने केलेल्या घड्यांत आहेत. याचा अर्थ लावायचा मोह होतो, पण मी आवरते. मोठ्या भांड्याला हात सोयीचा, एवढं कारण पुरेसं असू शकेल. तिथेच एक चार पायांचा भला मोठा रांजण मिळाला, त्यात एक पुरुष बसलेल्या स्थितीत पुरलेला होता. चार पायांचा रांजण चाकावर निघत नाही. चाकाला गोल सोडून दुसरं काही येतच नाही. हे वाक्य मी वर्गात म्हणते तेव्हा चाकावाले रागावतात.

त्यांच्या रागाला उत्तर म्हणून चाकाबद्दलही नीट सांगायला हवं. आमची चाकं विजेची, पायाखाली वेगाची पट्टी. तबकडीवर गोळा आपटून बसवायचा, हात ओले करायचे आणि चाक जोरात सोडायचं. पहिलं काम सेंटरिंग, माती बरोबर मध्यावर आणणं. ती हातांखाली डावी-उजवी हेलकावत असते आणि आपण तिला घट्ट धरून जिंकायला जातो. तिथे माणूस थकतो. डावं कोपर मांडीत रोवायचं, तळव्याची टाच मातीला लावायची आणि हलायचं नाही, बस्स. ढकलायचं काम चाक करतं, आपण फक्त अडून राहायचं. सवयीने ढकलणाऱ्या माणसाला हे अडून राहणं फार जड जातं. मग माती दोन्ही हातांनी वर शंकूसारखी चढवायची, पुन्हा खाली दाबायची, पुन्हा वर. आणि एका क्षणी हेलकावा थांबतो. चाक वेगात, पण माती फिरते आहे हे डोळ्यांना दिसतही नाही. बोट टेकवलं तरच कळतं. तो क्षण खरोखर चांगला असतो. रील्सवाल्यांचं या बाबतीत चुकत नाही.

त्यानंतर अंगठ्यांनी मधे खोल जायचं, तळाला सेंटीमीटरभर माती सोडायची आणि तो तळ बोटांनी दाबून घट्ट करायचा. हे दाबणं राहिलं तर तळाला पुढे नागमोडी तडा जातो. मग चाकाचा वेग कमी करून भिंत ओढायची. आतली बोटं आणि बाहेरचं बोटाचं पेर यांच्यात मातीचा एक फुगवटा पकडायचा आणि तो चाकाच्या वेगाने, सावकाश, काठापर्यंत नेऊन सोडायचा. भराभर नेला तर भांड्यावर मळसूत्र उमटतं. पाणी कमी पडलं तर हात अडकतो, जास्त झालं तर माती पाघळते. आणि भांडं झालं, सगळ्यांनी वा म्हटलं, फोटो काढून झाले, की बाई तार हातात देतात. "काप." वरून खाली, बरोबर मधोमध. आमच्या वर्गात चाकावरची पहिली कितीतरी भांडी ठेवायची नसतात, कापायची असतात. उभ्या छेदात भिंत दिसते. काठाशी बिस्किटाएवढी पातळ आणि बुडाशी पुस्तकाएवढी जाड. बाहेरून भांडं देखणं होतं! कापल्यावर कळतं की निम्मी माती खालीच राहिली. जाडी पारखायला बोटं आधीच शिकलेली असतील, तर या छेदाचा धक्का कमी बसतो. पिंच पॉट करताना मिटलेल्या डोळ्यांनी जे चाललेलं असतं ते हेच. जी मंडळी हट्टाने थेट चाकावर बसली त्यांचे छेद मी पाहिलेत, आणि जी आधी हाताने शिकली त्यांचेही. फरक सांगावा लागत नाही.

चाकाचा आणखी एक स्वभाव. चूक झाली तर ते ताबडतोब सांगतं. हाताच्या भांड्यातली चूक आठवड्याने तड्याच्या रूपाने वर येते, तोवर आपण दुसरंच काही करत असतो. कुणाला कुठला मास्तर मानवेल हे ज्याच्या-त्याच्या प्रकृतीवर आहे.

मुंढव्याला केशवनगरात कुंभारांची घरं आहेत. पणत्या, माठ, कुंड्या, संक्रांतीची सुगडं असं सगळं तिथे होतं. मी जाते ती बघत बसायला. चाकावर मातीचा उंच ढिगारा, आणि त्याच्या शेंड्यावर एकामागून एक पणती निघते. अंगठा दाबला, काठ ओढला, चोच काढली, दोऱ्याने कापली, फळीवर ठेवली. बघताना हाताचा आणि चाकाचा हिशेब लागत नाही. पण मला तिथे खिळवून ठेवलं ते माठाने. माठ चाकावर पुरा होतो अशी माझी समजूत होती. चाकावर होतो तो फक्त गळा, काठ आणि खाली जाड भिंतीचा एक ओबडधोबड नळा. तो सावलीत थोडा सुकवतात आणि मग खरा माठ घडतो मांडीवर. आत एका हातात गुळगुळीत गोल दगड, बाहेरून दुसऱ्या हातात लाकडी थापटणं. माती चिकटू नये म्हणून राख भुरभुरायची आणि थप्-थप्, थप्-थप्, दगडाच्या बरोबर समोर थापटणं पडलं पाहिजे. जाड भिंत पातळ होत पसरते, पोट वाढतं, बूड मिटून गोल होतं. गोल बूड सपाट चाकावर निघालंच नसतं. म्हणजे माठाचा गळा चाकाचा आणि पोट हाताचं. पाणी राहतं ते पोटात, गार होतं तेही पोटातच. पातळ, सच्छिद्र भिंतीतून पाणी झिरपतं, बाहेर येऊन उडतं आणि जाताना आतली उष्णता घेऊन जातं. आमच्या स्टुडिओतला चकचकीत ग्लेझ चढवलेला जग कितीही सुंदर असला तरी पाणी गार करत नाही. काच चढवून आपण ती भोकं बुजवलेली असतात.

मी पाहिलं तेव्हा थापटणं एका मावशींच्या हातात होतं आणि चाकावर त्यांचा मुलगा. मी विचारलं, "मावशी, तुम्ही नाही बसत चाकावर?"

"न्हाय बाई. आमच्यात बाया चाकावर न्हाय बसत."

"का?"

"का म्हंजे? पहिल्यापासून तसंच." मग थोड्या वेळाने, हात न थांबवता, "तुमी शिकता व्हय? पैसं द्येता का घेता?"

देते, म्हटल्यावर त्यांनी मुलाकडे पाहिलं. दोघं हसले. मीही हसले, दुसरं काय करणार?

भारतात बऱ्याच ठिकाणी हीच रीत चालत आलेली आहे. माती आणणं, चाळणं, तुडवणं, थापटणं, काव लावणं, घोटणं, रंगवणं, भट्टी रचायला हात लावणं हे सगळं बायकांनी करायचं. चाक पुरुषाचं. कुंभार म्हणून चित्र काढलं की चाकावरचा माणूसच निघतो. आता विजेची चाकं आली, खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने २०१८ पासून 'कुंभार सशक्तीकरण' योजनेत ती वाटायला सुरुवात केली, आणि काही ठिकाणी बायकाही त्यावर बसू लागल्या. चांगलंच झालं. शहरातल्या स्टुडिओंत तर चाकावर बहुतेक आम्हीच बसतो आणि त्याला कुणाची हरकत नसते. आमच्या पोटाचा प्रश्न त्यावर नाही, म्हणून नसते.

थापटणं पाहिलं की गोरोबाकाकांची गोष्ट आठवणं मराठी माणसाला टाळता येत नाही. संतमंडळी जमलेली, मुक्ताबाईने कोपऱ्यातलं थापटणं बघून विचारलं, हे कशाला? मडकी पारखायला. मग आमचीही पारख करा. गोरोबांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं हलकेच मारलं. सगळे गप्प, नामदेवांनी तेवढी कुरकुर केली, आणि निकाल लागला की हे मडकं कच्चं. लहानपणापासून ही गोष्ट नामदेवांच्या फजितीची म्हणून ऐकत आले. केशवनगराहून आल्यावर ती वेगळी दिसायला लागली. भाजलेलं मडकं पारखतात ते बोटाच्या पेराने, आवाज ऐकून. त्यावर थापटणं कुणी जोराने मारणार नाही, मारलं तर खापऱ्या होतील. थापटणं हे कच्च्या मडक्याचंच हत्यार. कुंभाराच्या घरात 'कच्चं' ही शिवी नाही, तो कामाचा एक टप्पा आहे. अजून पोट वाढवायला वाव आहे, असा त्याचा अर्थ. पुढे नामदेवांनी विसोबा खेचरांना गुरू केलं आणि बाकीचं सगळं घडलं. गोरोबांच्या तेरला, धाराशिव जिल्ह्यात, मी जाऊन आलेय. तिथल्या लामतुरे संग्रहालयात दोन हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या बारीक मूर्ती आहेत, दोन साच्यांत दाबून केलेल्या. हात आणि चाक यांच्या भांडणात हा तिसराच.

भाजण्याबद्दल थोडक्यात, कारण तिथे आमचा हात चालत नाही. वाळलेली भांडी पहिल्यांदा साधारण ९५० अंश सेल्सिअसपर्यंत भाजतात, त्या भाजणीला बिस्क म्हणतात. ५७३ अंशांपाशी मातीतल्या गारेच्या कणांची रचना बदलते आणि ते एकदम फुगतात, म्हणून तिथे भट्टी सावकाश न्यावी लागते, उतरतानाही. मग ग्लेझ लावून दुसरी भाजणी, स्टोनवेअरसाठी १,२०० च्या पुढे. एवढ्यात भांडं दहा-बारा टक्के आक्रसतं. चहासाठी केलेला मग कॉफीचा होऊन बाहेर येतो. चाकावरचा आणि हातचा, दोन्ही सारखेच आक्रसतात.

माझ्या स्वयंपाकघरात आता मिठाची वाटी हातची आहे, पिंच केलेली. चिमूट घ्यायला बोटं आत बरोबर जातात. चाकावरचे दोन-तीन वाडगे आहेत, तेही वापरते, दह्याला चांगले. पाहुणे येतात तेव्हा वाडग्यांचं कौतुक करतात. वाटीकडे कुणाचं लक्ष जात नाही, आणि मला त्याचं आता काही वाटत नाही.

तुम्हाला शिकायचं असेल तर वर्ग निवडताना फार चौकशी करत बसू नका. चाकं किती आहेत, भट्टी विजेची की गॅसची, हे नंतर विचारा. एवढंच विचारा, की माती आम्हालाच मळावी लागेल का? "छे, तुम्हाला मळलेले गोळे तयार देतो, थेट चाकावर बसा," असं उत्तर आलं, तर आभार मानून दुसरा वर्ग शोधा.